नवरदेवाच्या मामाचं काम

साल दोन हजार तेवीस. तुरी कापायला आल्या होत्या आणि मी चौऱ्याहत्तरचा होतो. तोवर दिलेला शब्द मी एकदाही मागं घेतला नव्हता. शाळा माझी तिसरीपर्यंत. गुरुजींनी कान धरला, तो सोडवून जो निघालो तो पुन्हा तिकडं फिरकलो नाही. तरी मेडशीच्या आजूबाजूला कोणाची सोयरीक जमवायची असली की लोक माझ्याच ओसरीवर येत. पोरगी बघावी तर मीच, असं तेव्हा लोक म्हणत. आता कोणी म्हणत नाही, म्हणून मीच लिहून ठेवतो.

त्या वर्षी अकोल्याकडून चार पोरं-पोरी कॅमेरा घेऊन गावात आले. त्यांची मुख्य एक पोरगी होती, आखूड केसांची, सगळ्यांना हुकूम सोडणारी. खेड्यात लग्नं कशी जमतात यावर त्यांना पंधरा-वीस मिनिटांचा पिच्चर काढायचा होता. नवरदेवाच्या मामाचं काम मला दिलं. मामानं पोरगी बघायला यायचं, प्रश्न विचारायचे, चालून दाखवायला सांगायचं.

"पाठ करायचं काही नाही आजोबा," ती म्हणाली. "आजवर करत आलात तसंच करा."

नवरीच्या कामाला माझी नात उभी राहिली. दुसऱ्या कोणाच्या घरची पोरगी कॅमेऱ्यापुढं यायला तयार नव्हती. नात एकवीस वर्षांची, पोलीस भरतीची तयारी करायची. रोज सकाळी मेडशीच्या रस्त्यानं धावायची. मागच्या भरतीत मैदानी परीक्षेत पास झाली, पण लेखीत थोडक्यात राहिली.

चारच दिवसांपूर्वी रिसोडच्या अलीकडच्या एका गावी जाऊन मी तिची सोयरीक पक्की करून आलो होतो. पोरगी त्या लोकांनी एका लग्नात पाहिलेली होती. घर चांगलं, शेत ओलिताचं, पोरगा एकुलता एक. पोराच्या बापानं दुपट्टा-टोपी देऊन माझा मान केला आणि एकच गोष्ट सांगितली, की सुनेनं भरती-बिरतीच्या मागं लागायचं नाही. मी म्हणालो, "पोरगी माह्या शब्दाबाहीर नाही." येत्या रविवारी ते सुपारी फोडायला येणार होते. नातीला मी हे सांगितलं होतं. विचारलं नव्हतं, तशी आमच्या घरात रीतच नव्हती. ती कडक टोपी घालून मी चार दिवस गावभर फिरलो, आणि पिच्चरमध्येही तीच घातली.

शूटिंग आमच्याच अंगणात होतं. गावातल्या बाया दाराशी जमल्या, त्यांच्यात माझी बायको पुढं.

मी खाटेवर बसून विचारलं, "नाव काय, बाई?" नातीनं पिच्चरमधलं नाव सांगितलं.

"सैपाक येते?"

"येते."

"चालून दाखव बरं. तुळशीपासून पायरीवरी."

ती चालली. मध्ये कोंबडी आली, पुन्हा चालली. कोणाचा तरी मोबाईल वाजला, पुन्हा चालली. बायको माझ्याकडं बोट दाखवून बायांना म्हणाली, "माह्या वक्ती यायनं तीनदाच चालवलं होतं. आज हौस फिटून राह्यली."

बाया हसल्या. मी ओरडलो, "चूप बस व! आवाज येते त्याच्यात."

शेवटी पिच्चरवाल्या पोरीनं एक प्रश्न घातला होता. मामानं विचारायचं, 'पोरी, पोरगा पसंत आहे का?' मी तिला आधीच म्हणालो होतो, "असं कोनी इचारत नाही, बाई." ती म्हणाली, "पिच्चरमध्ये विचारा ना आजोबा. ती मान खाली घालेल. मग तुम्ही म्हणा, झालं, होकार समजा."

पाच वेळा मी विचारलं. पाच वेळा तिनं मान खाली घातली, पाच वेळा मी होकार समजलो. प्रत्येक वेळी तिला तुळशीपासून चालत यावं लागायचं. रस्त्यानं वाऱ्यासारखी धावणारी पोरगी, लोढणं बांधलेल्या गाईसारखी पाऊल टाकत होती. मला वाटलं, काम चांगलं करते.

सहाव्यांदा विचारलं तर तिनं मान वर केली. आधी माझ्या टोपीकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"नाही, आबा. मले नाही पसंत."

पिच्चरवाली टाळी वाजवून उठली. "वा! हेच ठेवू. फक्त आबा म्हणू नको. ते नवरदेवाचे मामा आहेत, तू त्यांना ओळखत नाहीस. आजोबा, परत विचारा."

"मी नाही इचारत."

"का हो आजोबा?"

"एकदा इचारलं, तिनं सांगतलं." मी उठलो आणि सरळ शेताकडं निघालो.

शेतात विळा घेतला, दोन ओळी तूर कापली, आणि घरी आल्यावर कळलं की विळा बांधावरच राहिला. तो आणायला परत गेलो. परत आलो, ओसरीवर बसलो, उठलो. एका जागी बूड टेकेना. मी काही त्या एका दुपारी शहाणा झालो नाही. आधी नुसता राग होता, की पोट्टीनं साऱ्या गावापुढं माझी इज्जत काढली. मग रविवार आठवायचा. मग आजवर चालवलेल्या पोरी आठवायच्या, सगळ्या मान खाली घातलेल्या. माझा मुलगा म्हणाला, "आबा, पिच्चर हाये तो. कायले मनावर घेता?" त्याचं ऐकून जरा बरं वाटलं. पण आबा हा शब्द पिच्चरमध्ये नव्हता.

दिवस मावळायच्या आत मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. नात पीठ मळत होती.

"ते पिच्चरमधलं होतं का व?"

"पिच्चरमधी मान खाली घालाची होती, आबा."

"मंग घरी काहून नाही बोलली?"

"घरी इचारलंच कोनं?" ती म्हणाली. परातीवरचे हात थांबले नाहीत, पण डोळे भरले होते. "रविवारी ते आले अन् तुमी म्हनलं, त मी पुढं येऊन बसीन. पन मले भरती द्याची हाये."

बायको चुलीपाशी होती. म्हणाली, "तिले आज तरी इचारलं. मले त आजूनवरी कोनी इचारलं नाही."

"मंग काय, मी पसंत नोतो?"

"आता सांगून काय करता? च्या घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी दुपट्टा-टोपी घडी करून पिशवीत घातली. मुलगा म्हणाला, "फोन करा ना." मी म्हणालो, "शब्द काय फोनवर देल्ता?" मेडशीच्या रस्त्यावर नात समोरून धावत आली. तिनं पिशवी पाहिली. ती थांबली नाही, मीही थांबलो नाही. मेडशीहून मालेगाव, तिथून रिसोडची बस धरली. पोराचा बाप अंगणातच होता. मी दुपट्टा-टोपी त्याच्या हातात दिली.

"पोरीले इचारलं. ती नाही म्हनते."

"आबाजी, तुमीच त म्हनले होते, शब्दाबाहीर नाही म्हनून!"

"हाव, म्हनलो होतो. तवा इचारलं नोतं."

तो बरंच बोलला. मी सगळं उभ्यानं ऐकून घेतलं. जन्मात कोणाचं एवढं ऐकलं नव्हतं. मग उघड्या डोक्यानं परतीच्या बसमध्ये बसलो. शिरपूरला गर्दी चढली. एक जण म्हणाला, "बाबा, सरका उलीसक." मी सरकलो नाही. त्या सकाळी जेवढं सरकायचं तेवढं सरकून झालं होतं.