डाव्या कानाचा रिकामा रकाना

आधीच सांगते: हवालदारांचा कान गेला, ती सकाळ मी पाहिलेली नाही. नव्वदीच्या दशकात साताऱ्यातल्या कान-नाक-घशाच्या एका दवाखान्यात मी श्रवणचाचण्या घेत असे. तिथे किस्से साचतच जातात. त्यांतले ऐकीव ते मी ऐकीव म्हणूनच सांगते.

*

आटपाडीच्या एका आजोबांचे निदान तपासणीआधीच तयार होते! "माझं कान झ्याक हायती, बाई. लोकंच हळू बोलाय लागल्यात!"

*

हवालदार तोफखान्यातून निवृत्त झालेले. त्यांना पत्नीने ओढूनच आणले होते. "परवा सकाळधरनं डाव्या अंगाला बोललं, की देवाम्होरं बोलल्यागत. उत्तरच न्हाई!"

शेजारणीचे लसणाचे कोमट तेल ओतून झालेले. आमच्या डॉक्टरांनी ते पुसून पडदा पाहिला. मळ नाही, सूज नाही. म्हणजे संशय आतल्या नसेवर. आणि तसे असेल, तर उपचारांविना दिवस घालवून चालत नाही.

*

मी हेडफोन लावले. आवाज आला, की बोट वर करायचे. डावा कान उत्तम! इतका उत्तम, की मला पटेना. मी बटण दाबल्याचे नुसते सोंग केले. तरी बोट वर! हवालदार माझा हात पाहत होते.

"हे काय, हवालदार?"

"सवय हाय, म्याडम. पलटणीत कानात नापास, की क्याटेगरी खाली, बढती बंद! आन् सोमवारी कारखान्यात वॉचमनची मेडिकल हाय."

खुर्ची भिंतीकडे फिरवली, डाव्याचे उजव्याने ऐकू नये म्हणून उजवा कान सळसळीच्या आवाजात गुंतवला. डावा जवळजवळ शून्य.

*

डॉक्टरांनी त्याच दिवशी स्टेरॉइड सुरू केले आणि मेडिकल पुढे ढकलावी, अशी कारखान्याला चिठ्ठी दिली. "कान परत येईलच, अशी हमी नाही," हेही सांगितले.

चार दिवसांनी पत्नीचा अहवाल आला: "कान न्हाई आला, पर गोळ्यांनी भूक लय आली! सात भाकरी!"

*

दोन आठवड्यांनी पुन्हा चाचणी. खुर्ची अर्थात भिंतीकडे. डावा कान उजव्याच्या बरोबरीने!

"वॉचमनकी पक्की!" हवालदार उभेच राहिले. पत्नीने डोळे पुसले. मग तिचा पदर मध्येच थांबला.

"आवं, आठ दिस डाव्या अंगाला बसून मी तुमच्या बहिणीचं सगळं काढलं... ते ऐकू येत व्हतं व्हय?"

आमच्या केसपेपरवर 'सुधारणा सुरू झाल्याचा दिवस' असा रकाना असे. मी पेन सरसावले. "हवालदार, नेमके कोणत्या दिवसापासून ऐकू येऊ लागले?"

त्यांनी पत्नीकडे पाहिले. मग सावकाश डाव्या कानामागे तळवा धरला.

"काय म्हणालात, म्याडम?"

तो रकाना रिकामाच राहिला.