मतलबी चाचा आणि जर्मन पोट्टी

पांढरकवड्याच्या मोहिउद्दीनला सारे 'मतलबी चाचा' म्हणायचे, आणि तो त्याचं वाईट मानायचा नाही. धंदा मोटारी भरायचा, म्हणजे विहिरीवरच्या जळलेल्या मोटारीला नवी तार गुंडाळून द्यायचा. पण जीव दुसरीकडंच. ज्या सिनेमाची भाषा कोणालाच कळत नाही तो लावायचा आणि माइकवर त्याचा मतलब सांगायचा. तमिळ, इंग्रजी, चिनी, काही वर्ज्य नव्हतं. येत त्यातलं एकही नव्हतं. तेलुगू तेवढी यायची, तीही शिव्यांपुरती.

बघणारे आयते होते. कापसाचं त्या वर्षांत असं होऊन बसलं होतं, की खरेदी केंद्रासमोरची रांग जिनिंग गिरणीच्या फाटकापासून पार हायवेपर्यंत जायची. माणसं रांगेतच जेवायची, रांगेतच दाढी करायची, रांगेतच सोयरीक जमवायची. चाचानं जिनिंगच्या रिकाम्या शेडमध्ये टीव्ही मांडला, आणि दुपारी तिथं पाय ठेवायला जागा उरेना.

एक दिवस ट्रकवाला देवसिंग नागपूरहून सिनेमाच्या जुन्या सीड्यांचं गठुडं घेऊन आला. त्यातल्या एकीच्या पाकिटावर लाल गालाची खरीखुरी पोट्टी, म्हणजे पोरगी, होती, आणि तिच्या खांद्यावर खडूनं काढलेलं, गाढवाच्या कानाचं एक ध्यान बसलं होतं.

"हे कोन्त्या भाषेतलं होय?" विठ्ठलरावानं विचारलं. हा मुकुटबनचा शेतकरी, चाचाचा जुना दोस्त. चाचाला खोटं पाडणं हाच त्याचा रांगेतला विरंगुळा.

"जर्मन," देवसिंग म्हणाला.

"चाचा, येते का तुले जर्मन?"

"आपल्याले कोन्ती नाई येत?"

"मंग लाव शर्त. एक जरी मतलब चुकला, तं माइक माहा."

चाचा थबकला. जुबैदाचाचीनं लग्नापासून त्याला घरात बोलू दिलं नव्हतं. जे काय बोलायचं ते तो या माइकवर बोलून घ्यायचा. माइक गेला तर राहिलं काय? पण सारी शेड त्याच्याकडं बघत होती.

"लागली," तो म्हणाला.

सिनेमा सुरू झाला. पोट्टीचा मामा शिंपी. तो कापडावर खडूनं रेघा मारतो, आणि त्यातली एक रेघ उठून उभी राहते. तिला कान फुटतात, शेपूट फुटतं. माणसं खरी, घर खरं, आणि मधात हे चित्रातलं पोरगं टुणटुण उड्या मारतं. शेडमधल्यांनी असं काही जन्मात पाहिलं नव्हतं. ते ध्यान पोट्टीजवळ जाऊन काहीतरी विचारतं. पोट्टी म्हणते, "या!" पण देवसिंगच्या सीडीचा आवाज असा फाटलेला, की साऱ्यांना ऐकू आलं, "जा!"

चाचा खूश झाला. एवढी सोपी भाषा! "मतलब असा का पोट्टी म्हनते, जा! आमच्या घरी नको!"

तेवढ्यात पोट्टीनं त्याला उचलून मांडीवर घेतलं.

"काहून बे?" विठ्ठलराव ओरडला. "जा म्हनते अन् मांडीवर घेते?"

"लाडानं म्हनून राह्यली. तुही बायको नाई म्हनत का तुले?"

शेड हसली. विठ्ठलरावाची बायको शकुबाई डबा घेऊन आली होती, तीही हसली.

पुढं त्या ध्यानानं पावाकडं बोट केलं. पोट्टी पुन्हा म्हणाली, "जा!" आणि पाव दिला.

"म्हनते, खाऊन जा."

त्यानं दाराकडं बोट केलं, तर पोट्टीनं दार लावून घेतलं. "जा!"

"म्हनते, दार लावून जा."

असं चाललं. पोट्टी जा म्हणे, ते ध्यान काही जाईना. शेडचं मत असं पडलं, की पोट्टी खडूस आहे आणि ते पोरगं आपल्या गावच्या जावयासारखं बेशरम.

मग मामानं कापड धुवायला काढलं. पाण्याचा हबका बसला आणि त्या ध्यानाचा एक कान आणि अर्धं तोंड पुसलं गेलं. अर्ध्या तोंडानं त्यानं पोट्टीला काहीतरी विचारलं. पोट्टी रडत म्हणाली, "जा, जा, जा!"

"म्हनते..." चाचा अडकला. "म्हनते, जा."

"बह्याड झाले का तुमी!" शकुबाई उठूनच उभी राहिली. "डोये फुटले का तुमचे, चाचा? पोट्टी मान वरखाली करून राह्यली. ते इचारते, मले पुन्हा काढशील का? अन् पोट्टी म्हनते, हो! मघापासून हो हो म्हनून राह्यली बिचारी, अन् तुमी तिले कसाई करून टाकलं!"

जर्मनमध्ये 'या' म्हणजे 'हो', हे शेडमध्ये कोणालाच ठाऊक नव्हतं. चाचानं मनातल्या मनात साऱ्या 'जा' उलट्या करून पाहिल्या. मांडी जुळली. पाव जुळला. दारही जुळलं.

"चुकलं," तो माइकवर म्हणाला, आणि माइक विठ्ठलरावापुढं धरला.

विठ्ठलरावानं तो ऐटीत घेतला, घसा खाकरला. पडद्यावर मामा ओलं कापड हातात धरून बघत होता. आता मतलब सांगणं आलं. विठ्ठलरावानं दिलं ठोकून. "मामा म्हनते... मामा म्हनते, ओलावा लय हाय, माल परत न्या!"

केंद्रावरचा कापूस तपासणारा रोज हेच म्हणायचा. शेड हसून आडवी झाली, आणि त्याच वेळी बाहेर शिट्टी वाजली. रांग सरकली! अशा वेळी सिनेमा कोण बघतो? मागं राहिलं तर नंबर गेला. सारे आपापल्या गाड्यांकडं धावले. विठ्ठलरावही धावला, माइक मुठीतच, मागं वायर लोंबत.

शेडमध्ये चाचा आणि टीव्ही उरले. चाचानं सिनेमा शेवटपर्यंत पाहिला, गुपचूप. मग तो रांगेत निघाला. बैलगाडीपाशी थांबायचा, शेवट सांगायचा, पुढच्या ट्रॅक्टरपाशी जायचा. माइक नव्हता म्हणून ओरडून सांगत होता, तर दोन गाड्या पलीकडचेही ऐकत होते. आता प्रत्येक 'जा'चा तो 'हो' करायचा, आणि एकदोन पदरचेही घालायचा.

विठ्ठलरावाच्या ट्रॅक्टरपाशी मात्र तो थांबला नाही. तसाच पुढं निघाला.

"अबे चाचा! आमाले नाई सांगत का? पोट्टीनं त्याले पुन्हा काढलं का नाई?"

"कायले सांगू? माइक तुह्यापाशी हाय. तूच सांग."

"सांगा न जी चाचा," ट्रॉलीतून शकुबाई म्हणाली. "माह्या जिवाले घोर लागला."

"पयले माइक, मंग मतलब."

पुढच्या गाड्या सरकल्या. मागचा ट्रॅक्टर भोंगा वाजवू लागला. विठ्ठलरावानं एकदा वजनकाट्याकडं पाहिलं, एकदा बायकोकडं, आणि वायर गुंडाळत माइक खाली चाचाच्या हातात दिला.