भट्टीवाल्या मायची ऊब

भट्टीवाली माय कुठल्याही वस्तूला आधी उलटा हात लावायची. तवा असो, दुधाचं पातेलं असो की कुणाचं कपाळ. भिलाईचा पोलादाचा कारखाना तेव्हा उभा राहत होता आणि माय दिवसभर त्याच्या भट्टीसाठीच्या विटा डोक्यावरून गवंड्यांपर्यंत पोचवायची, म्हणून हे नाव. फुटक्या विटा ती घरी आणायची, चुलीत तापवायची आणि थंडीत आम्हा शेजाऱ्यांना अंथरुणात ठेवायला द्यायची. पण चुलीतून काढलेली वीट लगेच देईल तर शपथ. "वरून गार लागते, पोटात आग हाय तिच्या," म्हणायची आणि आम्हाला कुडकुडत ताटकळत ठेवायची.

माझ्या सासूबाई नागपूरच्या, सोवळ्याच्या. माय वर्ध्याकडची, घरानं नुकतीच बुद्धाची दीक्षा घेतलेली. सासूबाई तिची वीट घ्यायच्या, पण तिला उंबऱ्याबाहेर उभं करून. माय ते पाहून न पाहिल्यासारखं करी.

ऐन पौषात माझी मुलगी दिवस भरण्याआधीच झाली, ओंजळीत मावेल एवढी. मी तापानं फणफणलेली, त्यामुळे डॉक्टरांनी बाळ जवळ घ्यायला मना केलं होतं. सासूबाईंनी बाळाला तीन दुलयांत गुंडाळलं, तरी पाय गार ते गारच. शेवटी त्यांनी वीट मागवली आणि मायला पहिल्यांदा आत बोलावलं. मायनं बाळाला उलटा हात लावला, वीट बाजूला ठेवली आणि सरळ दुलया सोडायला घेतल्या. सासूबाई आडव्या आल्या. अशा थंडीत बाळ उघडं करायचं, आणि तेही हिनं?

"बाई, कापडाले सोताची ऊब नसते," माय म्हणाली. "लेकरापाशी असंल तेवढीच ते धरून ठेवते. हिच्यापाशी हायेच कुठं? माह्या अंगाशी लावू द्या तिले."

सासूबाई बाळाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी स्वतःच्या हातानं बाळ मायच्या उघड्या छातीशी दिलं आणि आपली शाल दोघींवर घातली.

उन्हं कलेपर्यंत माय हलली नाही. मी खाटेवरून नुसती बघत होते. माणसाच्या अंगात असं काही असतं आणि नुसतं बिलगून ते देता येतं, याचा अचंबा मला तेव्हा वाटला, अजूनही वाटतो. हळूहळू बाळाचे तळवे मायच्या हाताइतके उबदार झाले आणि ते भुकेनं रडलं. सासूबाईही रडल्या. हे कुठं शिकलीस, असं त्यांनी विचारलं.

"मागच्या थंडीत माही पोरगी गेली," माय म्हणाली. "मी तिले कापडातच गुंडाळत बसली."

बाळाचं नाव ठेवायचा मान आत्याचा, आणि माझ्या नवऱ्याला बहीण नव्हती. बारशाच्या दिवशी सासूबाईंनी मायला हाताला धरून पाळण्यापाशी नेलं.

"आत्या तूच हिची. तुह्या पोरीचं नाव काय होतं?"

"ठेवलंच नव्हतं. मनात होतं फक्त."

"मंग तेच सांग हिच्या कानात."

माय वाकली आणि 'सुजाता' म्हणाली.

कारखान्याच्या भट्ट्या पेटल्या, बांधकाम संपलं, माय नवऱ्यामागे दुसऱ्या कुठल्या बांधकामावर निघून गेली. पुन्हा कधी भेटली नाही. तिच्या लेकीचं नाव मात्र आमच्या घरात रोज मोठ्यानं घेतलं जातं.