रोमहून आणलेला प्रसाद

गुणाजी परब देवाच्या दारातून रिकाम्या हाताने कधी परतला नाही. आंगणेवाडीच्या जत्रेतला खाजा असो की कुणाच्या सत्यनारायणाचा शिरा, भोईवाड्यातल्या आमच्या चाळीत मजल्यावरच्या प्रत्येक दारात तो पोचवणार म्हणजे पोचवणार. गिरणी बंद पडल्यावर त्याने इस्पितळात वॉर्डबॉयची नोकरी केली, श्रेयाला शिकवलं. त्याच लेकीने यंदा बापाला टूरबरोबर इटलीला धाडलं. हा बाबा तिथूनही हात हलवत येणार नाही, हे आम्हाला कळायला हवं होतं.

समोरच्या ज्युडिथबाईंनी एकच काम सांगितलं होतं. त्यांच्या गेलेल्या नवऱ्याच्या, हेन्रीच्या नावाने रोममध्ये मेणबत्ती लावायची. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांचं चर्चला जाणंच सुटलं होतं.

कोलोसियम बघून गुणाजीला आपली पडकी गिरणी आठवली. पँथिऑनच्या घुमटाला मधोमध भोक दिसलं, तर गाइडला विचारतो, पावसात काय करता? मग एका जुन्या चर्चमध्ये त्याने मेणबत्ती लावली. तिथे मिसा, म्हणजे त्यांची सामुदायिक प्रार्थना, चालू होती. लोक रांगेने पाद्रीबाबांकडून पांढरी चकती घेत होते. हाही रांगेत शिरला. तीर्थाला करतात तसा हात पुढे केला, पुढच्याचं ऐकून 'आमेन' म्हणाला आणि चकती रुमालात बांधली. घरची माणसं सोडून एकट्याने प्रसाद खाणं त्याला जमतच नाही.

आल्या दिवशी त्याने तिचे तुकडे करून मजलाभर वाटले.

"काका, मीठ नाय ओ ह्याला," शेजारचा विनीत म्हणाला. मीसुद्धा माझा कण कपाळाला लावून खाल्ला. सगळ्यात मोठा तुकडा वाटीत घालून, वर जास्वंद ठेवून, गुणाजी ज्युडिथबाईंकडे गेला.

बाईंनी हसत फूल बाजूला केलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"गुणाजी, हा तुला पाद्रीने दिला?"

"व्हय. तुमच्यासाठी राखून ठेवलंय."

"प्रसाद नाय रे हा. आमच्यासाठी हा देवच. तिथंच तोंडात घ्यायचा, बाहेर न्यायचा नसतो." मग हळूच विचारलं, "बाकीचा कुठंय?"

"देवाचे तुकडे केलंय मी," गुणाजी म्हणाला.

वाटलेला प्रसाद परत मागणारा माणूस चाळीने पहिल्यांदाच पाहिला. दारोदार फिरताना त्याची मान वर होत नव्हती. आम्ही तर केव्हाच खाऊन मोकळे झालो होतो. मलाही मेल्याहून मेल्यासारखं झालं. फक्त सुभद्रावहिनींनी आपला तुकडा हळदीकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवला होता. तो ओंजळीत घेऊन गुणाजी परत गेला.

ज्युडिथबाई खुर्ची धरून, कण्हत, गुडघ्यांवर बसल्या. कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावत क्रूसाची खूण करून त्यांनी दोन्ही तुकडे कुंकवासकट तोंडात घेतले. उठताना त्यांचा तोल गेला. आधाराला गुणाजीचा हात पुढे आला आणि तसाच मागे गेला.

"तुला ठाऊक नव्हतं. देवाला कळतं ते," बाई म्हणाल्या. "जा, जेव जा."

दुपारी मी गुणाजीकडे डोकावलो, तर ताट तसंच पुढ्यात.

"बाईंनी दोन शिव्या हासडल्या असत्या ना," गुणाजी म्हणाला, "तर घास उतरलो असतो रे."