पोळ्याचं तेल आणि रबरी नाव

पैनगंगेच्या घाटावरचं ते प्रकरण अजून मनातून जात नाही. आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार तुकडे व्हायचे होते. आमच्या पोलीस ठाण्यात फायलींचे गठ्ठे बांधणं चाललेलं, कोण निर्मलला जाणार, कोण मंचिर्यालला, दिवसभर तीच चर्चा. भांडायचो खूप, पण काय माणसं होती ती! आज त्यातल्या एकेकाची आठवण येते. त्या गडबडीतच जैनथकडच्या एका गावातून खबर आली. रबरी नाव नदीत मधोमध हवा जाऊन खाली बसली होती आणि महालक्ष्म्यांच्या जेवणाला पलीकडे निघालेल्या बायका पाण्यात पडल्या होत्या.

सगळ्या वाचल्या. त्यांना बाहेर काढलं नाववाल्याच्या थोरल्या भावानं, आपल्या लाकडी डोंग्यातून. आणि धाकट्यानं फिर्याद दिली ती त्याच भावाविरुद्ध! त्याचं म्हणणं, रबर यानंच कापलं, म्हणून तर डोंगा घेऊन मागे तयार होता.

वाटणी झाल्यापासून भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. धाकट्यानं मोडीत निघालेल्या जहाजावरची, संकटात फुगवायची नाव भंगारातून आणली होती. वरचा तंबू कापून त्यात माणसं नेऊ लागला आणि थोरल्याचा डोंगा रिकामा राहू लागला. म्हणजे थोरल्याला कारण होतं, संधीही होती. गुन्हा सिद्ध झाला असता, तर गडी कायमचा आयुष्यातून उठला असता.

मी त्याला ठाण्यात बसवून चहा पाजला. रबर कापलं नाही, एवढंच तो म्हणे. तो रोज नावेच्या मागे डोंगा नेई, हे घाटावरच्यांनी सांगितलं होतं. ते कशासाठी, असं विचारलं की मान खाली. गुन्हेगार बहुधा फार बोलतो, हा माझा अनुभव. हा बोलतच नव्हता, म्हणून मला खटकलं.

पंचनाम्याला घाटावर गेलो. रबरावर कापल्याची खूण नव्हती. जोड मात्र उकलले होते, रबर चिकट झालं होतं आणि जोडांत पिवळं काहीतरी साचलं होतं. शेजारी त्यांची म्हातारी माय उभी होती. हे काय, म्हणून सहज विचारलं, तर ती सरळ म्हणाली, "हळद हाय साहेब. जवसाच्या तेलात कालवून पोळ्याले बैलाच्या खांद्याले लावतो, नावांलेबी लावतो. पोरं येगळे झाले, पन मले दोघंबी सारखेच. एकाच्या नावेले लावू अन् एकाच्या नाई, असं कसं?"

समुद्रकिनाऱ्यावरच्या एका ओळखीच्या जहाजी अधिकाऱ्याला फोन केला. तो तर उखडलाच. म्हणाला, ही नाव ऊन आणि तेलापासून जपायची असते, दरवर्षी जाणकारांकडून तपासून घ्यायची असते. मुदत संपलेल्या नावेत माणसं बसवली कुणी? तेलानं रबर फुगतं आणि जोड सुटतात, हेही त्यानंच सांगितलं.

ठाण्यात परतून थोरल्याला म्हटलं, तेलाचं मला कळलं. तेव्हा तो बोलला. मायनं तेल लावल्यावर जोड फुगलेले त्यानं पाहिले होते. धाकट्याला निरोप धाडला, तर तो म्हणे, दादा जळतो. म्हणून हा प्रत्येक खेपेला मागे राही. "अन् इथं मायचं नाव कसं घेऊ, साहेब?"

धाकटा दारात उभा राहून ऐकत होता. मागून म्हातारीही आली. गावात कुणीतरी तिला तेलाचं बोललं असावं. तिनं विचारलं, "माह्या हातानं बुडाल्या असत्या का रे त्या लेकी?"

थोरला म्हणाला, "नाई माय. रबर जुनंच होतं."

धाकट्यानं एकदा भावाकडे पाहिलं. "हो माय," तो म्हणाला, "दादा खरं सांगून राह्यला. माहीच चूक हाय, म्या जुनं आनलं."

फिर्याद मागे घेतली गेली. रबर मी जप्त केलं. हेतू आणि संधी जुळल्या म्हणजे माणूस सापडला, असं आम्हाला शिकवलं होतं. गप्प बसणारा कुणासाठी गप्प आहे, हे आधी विचारावं, हे त्या दिवशी मी शिकलो. जिल्हा वाटला गेला, आमचा स्टाफ पांगला. ते दोघे मात्र मायला मधे घेऊन, एकाच डोंग्यातून गावाकडे गेले.