सटवाचा कासरा
धारूरच्या सटवानं चाळीस वर्षं बैलगाडीनं कारखान्याला ऊस ओढला, त्यात गुडघे गेले. यंदा दुष्काळात त्याची बैलं चारा छावणीत, अन् सहकारी दूध सोसायटीनं सभासदांची सहल काढली ती नेमकी गेवराईकडच्या वॉटर पार्कात! तिथं अधू माणसांसाठी बॅटरीची गाडी होती. "दांडा ओढला की चालती, सोडला की थांबती," रखवालदारानं सटवाला तीत बसवत सांगितलं.

उतारावर गाडी सुटली. समोर लाटांचा हौद, काठावर लेकरं. सटवानं जन्मभर केलं तेच केलं. "हो, हो!" म्हणत बैलांचा कासरा ओढावा तसा जीव खाऊन दांडा मागं ओढला. गाडी जास्तच उधळली. जितका ओढी तितकी पळे. माणसं किंचाळत बाजूला झाली.

मागून बायको सारजाबाई ओरडली, "अवं, कासरा सोडा!"

भर उतारावर कासरा सोडायचा? सटवाची मूठ उघडेना. शेवटी डोळे मिटून त्यानं सोडला. गाडी जागीच थांबली, पुढचं चाक पाण्यात.

धावत आलेल्या रखवालदारानं गाडीलाच लाथ घातली.

सटवा भडकला. "तिला कामून मारतो रं? दुष्काळातलं जनावर हाय. पाणी दिसल्यावर पळनारच की!"