कॉड म्हणून वाढलेला पोलॉक

परदेशात मी राहते त्या डंडॉक गावात शुक्रवारी सकाळी मासळीची गाडी येते. पांढरी व्हॅन, मागचं दार वर उचललेलं आणि आत बर्फावर मांडलेले मासे. गेल्या वर्षी आई तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आली, तेव्हा तिला दाखवण्यासारखं माझ्याकडे फारसं काही नव्हतं. समुद्र तिने पाहिलेला होता, पावसाचं तिला कौतुक नव्हतं आणि दुकानं तिला सगळी एकसारखीच वाटली. म्हणून पहिल्याच शुक्रवारी मी तिला त्या गाडीपाशी नेलं.

आईने पस्तीस वर्षं आमच्या तालुक्याच्या गावी मासळी विकली. बांगडा, मांदेली, पावसाळ्यात सुकट आणि बोंबील. वडील मी चौथीत असताना गेले. माझी फी, वह्या, इंजिनियरिंगचं वसतिगृह हे सगळं तिच्या टोपलीतून निघालं. घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. शाळेतल्या बाई तिच्याकडून कधी घासाघीस न करता मासे घ्यायच्या आणि जाताना माझ्या मार्कांची चौकशी करायच्या. त्या बाईंची आठवण मला आजही येते. मी इथे औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात काम करू शकले, त्यात त्यांचाही वाटा आहे.

तर गाडीपाशी गेल्यावर आईने पहिली तक्रार केली ती डोक्यांची. एकाही माशाला डोकं नव्हतं. "डोळा नाय, कल्ला नाय, मासा ताजा हाय की नाय ते बघायचं कुठं?" मी विकणाऱ्याला हे इंग्रजीत सांगितलं. तो हसला, हातमोजा काढून तिच्यासमोर धरला आणि दाबून बघा म्हणाला. आईने हातमोजा घातला नाही. कॉड नावाच्या पांढऱ्या माशाचा तुकडा बोटाने दाबला, उलटा केला, कातडीवरचे ठिपके पाहिले, त्यातून गेलेली पांढरी रेघ नखाने दाखवली. मग मान हलवली. तेव्हापासून तो माणूस तिला 'बॉस' म्हणायचा आणि आधी तिच्यापुढे तुकडा धरायचा.

कॉड तिला आवडला, पण तिच्या पद्धतीने. "आजाऱ्याचा मासा," ती म्हणाली. "काटा नाय, वास नाय, दात नसलेल्याला पण जाईल." तरी दर शुक्रवारी तिने तो खाल्ला, कधी तळून, कधी कोकम घातलेल्या आमटीत. गावी फोनवर शेजारणीला सांगताना मात्र तिचा आवाज बदलायचा. लेकीकडे दर आठवड्याला महागातला मासा असतो, असं ती सांगायची. मी आतल्या खोलीतून ऐकत असे आणि मला बरं वाटे. तिला परत देता येईल असं माझ्याकडे एवढंच होतं, तीन महिने बिनघोर.

पाचव्या आठवड्यात माझी नोकरी गेली. एक उत्पादन दुसरीकडे हलवलं, त्याबरोबर आमचा अर्धा विभाग गेला. साहेब चांगले वागले, शिफारसपत्र द्यायला तयार होते. पण इथे राहून काम करायचं माझं परमिट त्या नोकरीशी बांधलेलं होतं, आणि दुसरी नोकरी शोधायला मिळणारी मुदत काही महिन्यांची. आईला मी सांगितलं की आता घरूनच काम आहे. दार लावून मी मुलाखती द्यायचे आणि बाहेर येऊन मिटिंग संपली म्हणायचे. माझी मिटिंग असली की आई कुकर लावत नसे. शिट्टीचा आवाज साहेबांना जाऊ नये म्हणून ती डाळ उघड्या पातेल्यात शिजवत बसायची.

नोकरी गेल्यावरच्या पहिल्या शुक्रवारी मी एकटीच गाडीपाशी गेले. आई अंघोळीला गेली होती. कॉडकडे बघितलं आणि विचारलं, यापेक्षा स्वस्त काय आहे. त्याने पोलॉक दाखवला. चवीला जवळपास तसाच, थोडा लवकर कोरडा होतो एवढंच, जास्त शिजवू नका म्हणाला. कच्चा मासा मात्र करडा दिसत होता आणि त्याच्या कातडीवरची रेघ काळी होती. मी कातडी काढून मागितली. तो म्हणाला, कातडीने तुकडा अखंड राहतो. मी म्हटलं, तरी काढा.

घरी आल्याबरोबर मी तुकड्यांना मीठ, लिंबू आणि नेहमीपेक्षा जास्त हळद चोळली. आई बाहेर आली तोवर रंग झाकला गेला होता. तिने विचारलं, आज मला का नेलं नाहीस. मी म्हटलं, घाईत होते. जेवताना तिने तुकडा नेहमीसारखा संपवला. दुसऱ्या शुक्रवारीही तिला न नेता व्हायटिंग नावाचा स्वस्तातला मासा आणला. त्याचे काप इतके पातळ होते की मी ते लहान करून आमटीत सोडले. तिने तीही वाटी संपवली. मला वाटलं, जमलं.

तिसऱ्या शुक्रवारी परत पोलॉक होता, तळलेला. आईने तुकडा ताटाच्या कडेला घेतला आणि अंगठ्याने दाबून मोडला. कॉडच्या जाड पाकळ्या सुटतात तशा सुटल्या नाहीत.

"हा कोणता मासा?" तिने विचारलं.

"कॉड. नेहमीचाच."

"बाय, मी मासळी विकून पोट भरलंय."

मी म्हटलं, मग त्याने चुकून दुसरा दिला असेल. हे वाक्य मी कसं बोलले, मला अजून कळत नाही. तो माणूस इतका सरळ होता.

"त्याच्यावर नको ढकलू," आई म्हणाली. "कातडं त्यानं काढलं असेल, हळद तू लावलीस. बाजारात हळद कोण लावतं ठाऊक हाय ना? ज्याला काय लपवायचं असतं तो." मग तिने तो तुकडा तोंडात टाकला, चावला, गिळला. "मासा चांगला हाय. नाव कशाला खोटं सांगितलंस? मी आयुष्यभर गरिबाचाच मासा विकला. त्याला कधी रावस म्हटलं नाय."

मी नोकरीचं सांगितलं. तिने विचारलं, किती दिवस झाले. मी सांगितलं.

"म्हंजे त्या मिटिंगा नव्हत्या."

"मुलाखती होत्या, आई."

"आन् मी कुकर बंद करून बसायचे."

ती रडली नाही, रागावलीही नाही. तिने फक्त परमिटचं विचारलं. नोकरी नाही मिळाली तर काय. मी म्हटलं, परत यावं लागेल. ती म्हणाली, "परत येशील तर घरात चूल पेटली पायजे."

तेव्हा मला ओट्याची आठवण झाली. आमच्या मासळी बाजारात सिमेंटचे ओटे आहेत आणि प्रत्येकीचा ओटा ठरलेला. आईचा ओटा दारातला दुसरा, येणाऱ्याची नजर आधी तिथेच पडायची. ती इकडे येण्याआधी मी तिच्या मागे लागून तो सोडायला लावला होता. आता बस झालं, मी कमावते आहे, असं मी फोनवर महिनाभर रोज म्हणत होते. शेवटी तिने तो एका नात्यातल्या बाईला देऊन टाकला, आणि नगरपालिकेत जाऊन तिच्या नावावर करून दिला. त्या दिवशी मला वाटलं होतं की मी मोठं काम केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने त्या बाईला फोन लावला. स्पीकरवर होता, कारण तिला दुसरं येत नाही. आधी पाऊसपाणी झालं, मग मुलांची चौकशी झाली. मग आईने ओटा परत मिळेल का विचारलं. ती बाई म्हणाली, "वहिनी, आता माझी गिऱ्हाइकं बसलीत. वाईट नका वाटून घेऊ." आई म्हणाली, वाईट कशाला वाटेल, मीच दिलाय. फोन ठेवून तिने पातेलं घासायला घेतलं.

तीन महिने पुरे व्हायच्या आधीच ती गावी परत गेली. मी खूप अडवलं. म्हटलं, नोकरी मिळेल, दोन ठिकाणी पुढची फेरी आहे. ती म्हणाली, मिळेल, तू हुशार आहेस. पण राहिली नाही. जाईपर्यंतच्या प्रत्येक शुक्रवारी मी मासा आणू का विचारलं की ती म्हणायची, वरणभात बरा. मी तिचं ऐकलं. एकदा तरी जबरदस्तीने आणायला हवा होता, असं आता वाटतं.

मला नोकरी मिळाली, इथल्याच नास शहराजवळ, मुदत संपायला थोडे दिवस राहिले असताना. आधीच्या साहेबांनी शब्द टाकला म्हणून. मी सगळ्यांत आधी आईला फोन केला, तो तिने उचलला नाही. दुपारी तिचा आला. मागे बाजाराचा आवाज होता. ती बाजाराबाहेरच्या पायऱ्यांपाशी प्लास्टिक अंथरून मासळी विकायला बसते, गटाराच्या बाजूला, हे मला शेजारणीकडून कळलं होतं. मी नोकरीचं सांगितलं. ती देवाचं नाव घेऊन म्हणाली, बरं झालं.

मी म्हटलं, "आई, आता बसू नकोस तिथे. मी पैसे पाठवते."

"पाठव," ती म्हणाली. "पण बसायचं सोडायला सांगू नको. एकदा तुझं ऐकलं."

कोणीतरी भाव विचारला. तिने त्याला माशाचं नाव सांगितलं, भाव सांगितला आणि फोन कधी बंद झाला मला कळलं नाही.